एका वायरवर दोन भीमराज

धम्मरत्नला आईचा पुळका आला की कांताबाई सावध होत असे. पोरगा वाईट नव्हता, पण बिनकामाचं गोड बोलण्यातलाही नव्हता. मागे एकदा तो येता-जाता ‘आई, जेवली का’ विचारायला लागला, आणि आठवडा उलटायच्या आत तिची पार्किंगची जागा त्याच्या नव्या गाडीखाली गेली होती. त्यामुळे दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो जिन्यावरून हाका मारत खाली आला आणि म्हणाला, “आई, तुह्यासाठी टीव्ही आणला. मोठा. भिंतीएवढा,” तेव्हा तिने टीव्हीच्या खोक्याकडे नाही, आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. उभी हयात सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली बाई. खोकला खरा की रजेच्या दाखल्यापुरता, हे तिला दारातूनच कळायचं.

“कायले?” ती म्हणाली.

“कायले म्हणजे? दुकानात एकावर एक अशी ऑफर होती. दोन घेतले, सारखेच. एक वर, एक तुले.”

“म्हणजे मले फुकटातला आला.”

“आई, तू ना!” तो म्हणाला आणि हसला. हसताना डोळे मात्र पुढच्या खोलीवरून फिरवून आणले. कांताबाईने ते पाहिलं, पण पाहून सोडून दिलं. चूक झाली ती तिथेच.

ही पुढची खोली म्हणजे कांताबाईचा जीव होता. दारव्ह्यात बसस्टँडच्या मागच्या रस्त्याला लागून तळमजल्याचा हा फ्लॅट तिने स्वतःच्या पगारातून घेतला होता, नवऱ्याच्या नाही. तिचा वारलेला नवरा भीमराज एसटीत मेकॅनिक होता. देवमाणूस, पण हातात पैसा टिकला तर शपथ. पोरगा आणि सून प्रियंका बरोबर तिच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर राहत. पुढच्या खोलीचं दार थेट रस्त्यावर उघडे. रविवारी सकाळी तिथे सतरंजी पडायची, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लागायची, तुळसाबाई आणि गल्लीतल्या बाकी बाया पांढरी लुगडी नेसून त्रिशरण-पंचशील म्हणायच्या. ते झालं की कांताबाई दवाखान्यातून निवृत्त होताना स्वतः विकत घेतलेलं बीपीचं मशीन काढायची. मग वंदनेला न बसणाऱ्याही यायच्या. पलीकडच्या गल्लीतली बंजाऱ्याची रामीबाई यायची, एखादी नवऱ्याला कॉलर धरून आणायची. ज्या बायांना घरात कोणी ‘डोकं दुखतं का’ म्हणून विचारत नव्हतं, त्या इथे रांगेत बसून दंड पुढे करायच्या. कांताबाई रागावायची, मीठ कमी कर म्हणायची, चहा द्यायची. आठवड्यातला तो एक दिवस तिला आपण अजून कामाची बाई आहोत असं वाटायचं.

टीव्ही बसवायला शाम आला. हा पूर्वी अख्ख्या वस्तीला केबल पुरवायचा. केबलचा धंदा बसल्यावर इंटरनेट जोडायला लागला होता. त्याने वरपासून खालपर्यंत घरं हिंडून पाहिली, भिंतीतले जुने पॉइंट उघडून ठोकून पाहिले आणि खूश होऊन खाली आला.

“सिस्टर, तुमच्या बिल्डरनं जिंदगीत एकच काम धड केलं पाहा. डिशच्या छत्रीच्या जमान्यात गच्चीपासून तळमजल्यापर्यंत हरेक खोलीत टीव्हीची वायर पाइपातून नेली. छत्री गेली, केबल गेलं, पण वायर भिंतीत तशीच जिवंत हाय. वर एक डबी लावतो, खाली एक डबी लावतो. वरचं इंटरनेट याच वायरनं खाली येते. दुसरं कनेक्शन नको, भिंत फोडणं नको.”

“भिंत फोडूच नका,” प्रियंका जिन्यातूनच म्हणाली. “वॉलपेपर नवा हाय माह्या घरचा.”

त्या वॉलपेपरवर बगळे होते. पाणी नाही, तळं नाही, नुसते बगळे. कांताबाई वर गेली की ते दिसत आणि दर वेळी हसू येई.

“टीव्हीले नाव काय देऊ भाऊ?” शामने विचारलं. “फोनमध्ये दिसते ते. मंग फोनातलं चित्र टीव्हीवर टाकता येते.”

“भीमराज,” धम्मरत्न म्हणाला.

“अन् वरच्याले?”

“भीमराज.”

“दोन्हीले एकच?”

“आपल्या घरी सगळं बाबांच्याच नावानं असते.”

ते खरं होतं. गेटवर भीमराज, गाडीच्या काचेवर भीमराज, वायफायला भीमराज. बाप जिवंत होता, डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, तेव्हा त्याला यवतमाळला घेऊन जायला या पोराला सुट्टी मिळत नव्हती; शेवटी कांताबाईच त्याला एसटीने घेऊन गेली. मेल्यावर मात्र नावाची अशी लयलूट. नाव द्यायला पैसे पडत नाहीत, असं कांताबाई मनात म्हणाली.

“सिस्टर, पुढच्या खोलीतही पॉइंट हाय,” शाम म्हणाला. “बाबासाहेबाच्या फोटोच्या बाजूले, पट्टीखाली झाकलेला. तिथं लावला तं बायाही पाहतीन.”

“नाही, आतच,” धम्मरत्न इतक्या घाईने म्हणाला की शामच्या हातातला पेचकस थांबला. “आईच्या पलंगासमोर. तिचे गुडघे दुखतात.”

गुडघे दुखत होते हे खोटं नव्हतं. कांताबाईने शामला आतली भिंत दाखवली.

आता टीव्हीला नावं ठेवणारी बाई टीव्ही पाहत नाही, असा कोणाचा समज असेल तर तो काढून टाकावा. कांताबाई टीव्ही पाहायची ती नावं ठेवण्यासाठीच. एका मालिकेत एक सून होती, तिच्या आजेसासूची एक पितळी पेटी होती, आणि त्या पेटीत काय आहे यावर अख्खं खानदान कोरड्या डोळ्यांनी रडत होतं. सून पेटीला हात लावायची, वीज कडाडायची, आणि भाग संपायचा. “अव उघड ना व भवाने, पेटी हाय का पाकिस्तानची बॉर्डर,” कांताबाई पलंगावरून म्हणायची आणि पुढचा भाग लावायची. इंटरनेटवर पुढचा भाग उद्यावर जात नाही, लगेच येतो, हीच तर त्यातली मेख. दुपार जायची, संध्याकाळ जायची. सून रिमोटच्या बॅटऱ्या न मागता आणून द्यायची. पोरगा म्हणायचा, “आई, आराम कर. जन्मभर लोकाईचे दंड दाबले, आता पुरे.” हे ऐकायला बरं वाटे. वाईट ऐकलेलं माणूस विसरतो, बरं ऐकलेलं फार महागात पडतं.

एका रविवारी तिने वंदना लवकर आटपली. पुढच्या रविवारी तुळसाबाईला सांगितलं, आज तुम्हीच म्हणून घ्या, माझे गुडघे धरलेत. त्याच्या पुढच्या रविवारी रामीबाई बीपी मोजायला आली तर पुढचं दार बंद. तिने मागच्या खिडकीतून डोकावून हाक मारली.

“बाई, मोजते का? रातपासून डोकं जड हाय.”

“थांब व जरा,” कांताबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, “ही बया पेटी उघडून राह्यली वाटते.”

रामीबाई थोडा वेळ खिडकीपाशी उभी राहिली. हातातल्या बांगड्या वाजल्या, मग वाजायच्या थांबल्या. सुनेने पेटी उघडली नाही. कांताबाईने वळून पाहिलं तेव्हा खिडकीत कोणी नव्हतं. त्यानंतरच्या रविवारी कोणीच आलं नाही, आणि सतरंजी गुंडाळलेलीच राहिली.

आणि मग एका दुपारी टीव्हीने स्वतःच तोंड उघडलं.

सून पेटीच्या कडीला हात घालत होती. एकदम ती गेली, पेटी गेली आणि पडद्यावर एक फोन उगवला, माणसाएवढा. वर कुण्या पाहुण्याच्या लग्नातला धम्मरत्नचा फोटो, खाली त्याच्या ॲपचे सगळे ठोकळे. कांताबाईला वाटलं टीव्ही बिघडला. तेवढ्यात वरच्या मजल्याच्या खिडकीतून, जी बरोबर तिच्या खिडकीच्या डोक्यावर होती, पोराचा आवाज आला, “काहून येऊन नाही राह्यलं? भीमराज तं दाबलं म्या.”

“जाऊ द्या ना, फोनवरच दाखवा,” प्रियंकाचा आवाज.

दोन भीमराजांपैकी पोराने खालचा दाबला होता. चित्र आईच्या भिंतीवर आणि आवाज स्वतःच्या घरात. फोन मात्र आपला चालूच. कांताबाईच्या समोर पोराचा न दिसणारा अंगठा फोटो सरकवत होता, आणि त्या फोटोंत तिची पुढची खोली होती. बुद्धमूर्तीच्या बाजूने, दाराच्या बाजूने, रस्त्यावरून. एका फोटोत फरशीवर मोजमापाच्या खडूच्या रेघा. ती आत झोपलेली असताना तिच्या खोलीत कोणी रेघा मारून गेलं होतं आणि पुसूनही गेलं होतं.

मग फोन वाजला आणि पडद्यावर एक गोल चेहरा भरला. इंद्रजीत. बँकांना एटीएमसाठी, पैशाच्या मशीनसाठी, रस्त्यावरचे गाळे मिळवून देणारा दलाल. गावात सगळे त्याला ओळखत. त्याचं तोंड खाली हलत होतं आणि आवाज वरच्या खिडकीतून पडत होता.

“जागा झकास हाय भाऊ. पण तुमच्या मातोश्री? तिथं तं बायाईचं काही चालते म्हणे.”

“चालत होतं,” धम्मरत्न म्हणाला. “आता बंद झालं. आई आतच राह्यते. टीव्ही लावून देला ना.”

“आम्हाले काही बोलाचंसुदा काम नाही पडलं,” प्रियंका म्हणाली. “आपोआपच झालं.”

“मंग रविवारी बँकेच्या साहेबाले घेऊन येतो. त्यांनी हो म्हटलं की संपलं. पण मातोश्रीची सही?”

“आई मले नाही म्हणत नाही.”

पडद्यावर इंद्रजीत हसला. त्याचे पुढचे दोन दात तिच्या कपाटाएवढे दिसत होते. मग चित्र गेलं आणि पुन्हा सून आली. पेटीची कडी हातात, वीज कडाडली, भाग संपला.

कांताबाईने टीव्ही बंद केला. पोराचा राग आला, पण तो दुसऱ्या नंबरचा. पहिला राग स्वतःचा आला, आणि तो असा आला की कानशिलं तापली. कोणी दमदाटी केली असती तर तिने अख्खी गल्ली गोळा केली असती. कोणी पैसा दाखवला असता तर तोंडावर फेकला असता. हिला कशानं विकत घेतलं? न उघडणाऱ्या पेटीनं. रामीबाई खिडकीशी उभी होती, डोकं जड आहे म्हणत होती, आणि आपण तिला ‘थांब’ म्हटलं. तिने मशीन काढून पट्टा स्वतःच्याच दंडाला गुंडाळला, आकडा पाहिला आणि तोंड वाकडं केलं. दुसऱ्या कोणाचा असता तर तिने त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात धाडलं असतं.

गोळी घेऊन तिने शामला फोन केला. तो आला, त्याने ऐकलं आणि डोकं खाजवलं.

“एकच वायर, एकच नाव सिस्टर. वरून फोनात पाहिलं तं दोन भीमराज दिसतात. भाऊनं कोणता दाबला काय मालूम.”

“मंग खालून पाहिलं तं?”

“खालूनही दोन दिसतीन.”

“खालून वरचा दाबता येते?”

शामला सगळं कळलं. त्याने तिचा फोन हातात घेतला. “येते ना. वायरले काय, वर-खाली सारखंच. वरचा टीव्ही चालू असला म्हणजे झालं.”

“चालूच असते. पाहुणे आले की लावूनच बसतो तो. दाखव मले. अन् आतला टीव्ही काढून पुढं लाव, तुह्या त्या झाकल्या पॉइंटवर. मालिकेचा नाद सुटला म्हणून टीव्हीनं काय घोडं मारलं.”

त्याला कामाला लावून ती चपला घालून निघाली. तुळसाबाई लगेच हो म्हणाली; तिला रुसायला वेळच नसे. रामीबाईने मात्र दारातच उभं ठेवलं.

“उघडली का तुह्या बयेनं पेटी?”

“नाही,” कांताबाई म्हणाली. “चुकलं माह्यं रामी.”

“मी त्या दिवशी दवाखान्यात गेलती. डॉक्टर मले म्हणे, लय उशीर करून आल्या बाई.” रामीबाई तिच्या तोंडाकडे न पाहता बोलत होती. “तुह्या भरवशावर नसती राह्यली तं मी सकाळीच गेली असती.”

कांताबाईने चपला काढल्या, पण आत गेली नाही. ती उंबऱ्याशी तशीच उभी राहिली. शेवटी रामीबाईने आतून पाट सरकवला. “बस. गुडघे दुखतात ना तुहे.”

रविवारी इंद्रजीत साहेबाला घेऊन आला तो थेट वर गेला. आधी चहा, मग जागा, असा बेत. खाली पुढचं दार कांताबाईने मुद्दाम लोटून ठेवलं होतं. आत सतरंजी भरली होती. बायांनी वंदना हळू आवाजात आटपली होती. रांग लागली होती. वर कपबशा वाजल्या, टीव्हीवर क्रिकेटचा गलका सुरू झाला. कांताबाईने फोन हातात धरला, कॅमेरा उघडला आणि यादीतल्या दोन भीमराजांपैकी, शामने दाखवला होता तो, दाबला.

वरचा गलका तोडल्यासारखा थांबला.

बगळ्यांच्या मधोमध आपलं तोंड केवढं दिसत असेल याचा तिने अंदाज केला आणि पदर सारखा केला. मग आतल्या खोलीच्या उघड्या दारातून मागच्या खिडकीकडे तोंड करून, दवाखान्याच्या व्हरांड्यात नंबर पुकारायची त्या आवाजात बोलली.

“जय भीम इंद्रजीतभाऊ. खोली पाहाले आले ना? तुम्ही कायले उतरता, बसल्या जागी पाहा. ही पूर्वेची भिंत. इथं भगवान बुद्ध हायेत, बाजूले बाबासाहेब. यायले कुठं ठेवाचं ते तुमच्या साहेबाले विचारा.” तिने फोन फिरवला. “ही तुळसाबाई. ही रामीबाई, इचं बीपी माह्या पायी वाढलं. या बाकीच्या. मशीन हाय आमच्याकडे. त्यातून पैसे नाही निघत, तेवढंच. अन् सही मागाची असन तं मले मागा, घर माह्या नावानं हाय. भीमराज नाव फक्त टीव्हीचं हाय.”

तुळसाबाई पदरात तोंड घालून हसली. बाकीच्या नाही हसल्या; त्या कॅमेऱ्याकडे सरळ पाहत बसल्या, फोटो काढायला बसतात तशा.

वर खुर्ची सरकली. साहेबाचा आवाज खिडकीतून आला, शांत, जरा कंटाळलेला. “वाद असलेली जागा आम्ही घेत नाही, इंद्रजीत.” जिन्यावरून दोन जोड बुटांचे आवाज उतरले आणि रस्त्यावर गाडी सुरू झाली.

धम्मरत्न आला तो बाहेरून, रस्त्याच्या दाराने. पुढची खोली भरलेली पाहून उंबऱ्यातच थांबला. सगळ्या बाया त्याच्याकडे पाहत होत्या. यातल्या निम्म्यांनी त्याला कडेवर घेतलं होतं.

“आई, तू मले खाजगीत सांगितलं असतं,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “चार लोकांत असं…”

कांताबाई रामीबाईच्या दंडाला पट्टा बांधत होती. तिने वर पाहिलं नाही. “मले तुह्या पोटातलं टीव्हीवरून कळलं. म्हटलं, तुलेही माह्यं तिथूनच कळू दे.”

त्याचा चेहरा पडला. काय काय खाली दिसलं असेल, हे एकेक करून त्याच्या ध्यानात येत होतं आणि ते सगळं तोंडावर दिसत होतं. प्रियंका जिन्यात अर्ध्यावर थांबली होती, ना खाली ना वर.

“टीव्ही परत नेऊ?” त्याने शेवटी विचारलं.

“राहू दे. या बायाईले पाहाची हाय ती पेटी. बुधवारी सगळ्या मिळून पाहणार हाओ.” तिने आकडा पाहिला, रामीबाईचा दंड हलकेच थोपटला. “उतरलं थोडं. गोळी चुकवू नको.” मग पोराकडे न पाहताच म्हणाली, “चप्पल बाहेर काढ अन् बस. तुळसाबाईच्या मागं. तोंड लाल झालं तुह्यं, मोजू दे.”

धम्मरत्नने चप्पल बाहेर काढली आणि रांगेत बसला.